पंचविशीतल्या स्वतःला पत्र लिहायचंय? उपदेश सोड, हिशेब लिही

तुझा प्रश्न वाचला. आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुलाही बघता येईल. तू बारावीला आहेस, गाव परभणी जिल्ह्यातलं, नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लाससाठी लातूरला दोघी-तिघी मिळून रूम करून राहतेस, मेच्या शेवटच्या आठवड्यात अठरा पूर्ण होतात आणि पंचवीस वर्षांच्या स्वतःला एक पत्र लिहून ठेवायचंय. दोनदा लिहिलंस, दोन्ही वेळा फाडलंस, कारण "सगळं पंधरा ऑगस्टच्या भाषणासारखं व्हायलंय". आणि शेवटी विचारलंस की असल्या पत्राचा खरंच काही उपयोग असतो, का हे रीलमधून आलेलं खूळ आहे.

मी अंबाजोगाईला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. बऱ्याच वर्षांपासून बारावीच्या लेकरांकडून अशी पत्रं लिहून घेते, पाकीट त्यांच्यासमोर चिकटवते, घरी पत्र्याच्या पेटीत ठेवते आणि ठरलेल्या वर्षी ज्याचं त्याला परत देते. कुणी येऊन नेतं, कुणाला पोस्टाने धाडते, काहींची पाकिटं तशीच पडून आहेत, पत्ता लागत नाही. येणारी बरीच जण माझ्या ओसरीवर बसूनच पाकीट फोडतात. त्यामुळे लिहितानाचा चेहरा आणि वाचतानाचा चेहरा, दोन्ही बघायला मिळालेत, आणि पुढचं सगळं त्याच भरवशावर सांगायलेय. तुझ्या वयाची लेकरं रोज समोर असतात म्हणून अगं-तुगं करायलेय, राग मानू नको.

उपयोग असतो का? असतो, चांगला असतो. पण बहुतेक जण ज्या कामासाठी लिहितात त्या कामाला ते पत्र येत नाही.

तुला वाटायलंय की तुझी अडचण भाषेची आहे, शब्द भाषणासारखे येतात म्हणून. मला तसं वाटत नाही. भाषा तशी येते कारण तू जागा चुकीची घेतलीस. अठरा वर्षांची पोरगी पंचवीस वर्षांच्या बाईला शहाणपण शिकवायला उभी राहिली की तोंडातून भाषणच निघणार, दुसरं काय निघंल? तुला सात वर्षांनी मोठी सख्खी बहीण असती, नोकरी करणारी, कदाचित लग्न झालेली, तर तिला तू "कधीही हार मानू नकोस, स्वतःवर विश्वास ठेव" असं सांगितलं असतंस का? तिनं तुला चहा ठेवायला पाठवलं असतं. पंचविशीतली तू म्हणजे तीच बहीण आहे. तिला तुझ्यापेक्षा सात वर्षं जास्त कळतंय. तुझ्याकडं असलेली आणि तिच्याकडं नसलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आजचा दिवस. तो तिला आठवणार नाही. खरं तर विसरण्याचं एवढं वाईट नाही, तिला तो चुकीचा आठवंल आणि चुकीचा आठवतोय हे तिला कळणार नाही, त्याचं वाईट जास्त.

हे मी हवेत बोलत नाही. आपल्याकडं किल्लारीच्या भूकंपाचं उदाहरण घे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी, आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन झालेलं. लातूर, धाराशिव, बीडकडच्या पन्नाशीपुढच्या कुणालाही विचार, त्या पहाटे तो कुठं झोपला होता, कोण आधी उठलं, भांडी कशी वाजली, सगळं तुला काल घडल्यासारखं सांगंल. आमच्या स्टाफरूममधल्या एका सरांची ती गोष्ट आम्हाला पाठ झालेली, वाड्याच्या माडीवरून आजीला उचलून कसं खाली आणलं ती. एकदा त्यांचा धाकटा भाऊ कॉलेजात आला, त्याच्यासमोर गोष्ट निघाली, तर तो म्हणला, दादा, आजीला काकांनी आणलं, तू त्या दिवशी औरंगाबादला होस्टेलवर होतास, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलास. सर गप्प. खोटं बोलणारा माणूस नाही तो, त्यांना अजूनही ते तसंच दिसतं.

यावर अभ्यास पण झालाय. अमेरिकेचं चॅलेंजर यान जानेवारी १९८६ मध्ये उडाल्या-उडाल्या फुटलं, तेव्हा एमरी विद्यापीठात उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तू कुठं होतास, कुणी सांगितलं. साधारण अडीच वर्षांनी त्याच मुलांना परत तेच विचारलं. कितीतरी जणांची उत्तरं जुन्या कागदाशी जुळेनात, आणि सांगताना भरवसा मात्र पूर्ण. त्यांच्याच अक्षरातला कागद समोर धरला तरी मूळची आठवण परत आली नाही. आता एवढ्या मोठ्या घटनेचं हे, तर तू लातूरच्या रूमवर बसून काय विचार करत होतीस याचं सात वर्षांनी काय उरंल ते बघ.

आता एक पत्रच सांगते, मुलाची ओळख लागू नये म्हणून थोडं फिरवून. कळंबकडचा पोरगा, इंजिनीअरिंग करून पुण्याला कंपनीत लागला, आणि दर दिवाळीला आला की एकच रडगाणं, वडिलांनी जबरदस्तीनं इंजिनीअरिंगला घातलं, नायतर मी शेतीतलंच काहीतरी केलं असतं. घरात बोलणं जवळपास बंद. ठरल्या वर्षी पत्र न्यायला आला, ओसरीवर बसून फोडलं. त्यात त्याच्याच अक्षरात लिहिलेलं, "पप्पा म्हणायलेत परभणीला ॲग्रीला टाक, घर जवळ पडतं, खर्च झेपतो. मी दोन दिवस जेवलो नाही. आज हो म्हणले." तीन ओळी. पोरानं त्या किती वेळा वाचल्या काय माहीत, मी आत जाऊन पोहे करून आणले तरी कागद हातातच होता. पुढं बापलेकांचं काय झालं ते मला पूर्ण माहीत नाही, आणि पत्रानं सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पण सात वर्षं तो ज्याच्यावर चिडला होता तसं काही घडलंच नव्हतं, एवढं त्याला त्या दिवशी कळलं. हे काम दुसरं कुणी करू शकलं नसतं. मी सांगितलं असतं तर "मॅडम, तुम्हाला काय माहीत" म्हणला असता.

म्हणून माझं सांगणं असं की उपदेश एक ओळ पण लिहू नको. नोंद लिही. घडलेलं, चाललेलं, ठरवलेलं, जसंच्या तसं. भाषा आपोआप सरळ होते, कारण डाळीचा भाव भाषणात सांगताच येत नाही.

पैशापासून सुरू कर. लेकरं याच गोष्टीला लाजतात आणि सगळ्यात जास्त किंमत यालाच येते. रूमचं भाडं किती, त्यात तुझा वाटा किती, मेसचा डबा महिन्याला कितीला, क्लासची फी किती, ती कितीच्या हप्त्यांत भरली. आणि ती फी आली कुठून? वडिलांनी सोयाबीन विकलं असंल तर कोणत्या महिन्यात, काय भावानं, किती क्विंटल, ते फोन करून विचार. आपल्याकडं सोयाबीनचं काय झालंय तुला माहीतच आहे, २०२१ च्या ऑगस्टात लातूरच्या बाजारात क्विंटलला दहा हजाराच्या घरात गेलेलं, आणि २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना शेतकऱ्याच्या पदरात त्याच्याही खाली पडायलं होतं. म्हणजे तुझ्या क्लासची तीच फी एका वर्षी किती पोत्यांची झाली असती आणि दुसऱ्या वर्षी किती, हे काढून बघ. हा आकडा पत्रात टाक. पंचविशीत तुला पगार असंल, किंवा नसंल, घरच्यांनी आपल्यासाठी काय केलं यावरून कधीतरी घरात वाद होणार, सगळ्यांच्या घरात होतो, तेव्हा "लई केलं" आणि "काहीच नाही केलं" या दोन्हीच्या मधला खरा आकडा तुझ्याजवळ असंल. सोयाबीन नसंल, गावात दुकान असंल, वडील ऊसतोडीला जात असतील, आई शिवणकाम करत असंल, तर जे असंल ते. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, किती घेतली, तोडीला कुठं गेले, ते लिही. लाजू नको, वाचणारी तूच आहेस.

मग एक दिवस लिही. पूर्ण दिवस, सकाळी उठल्यापासून. आवडता दिवस निवडू नको, बुधवार किंवा गुरुवार असला कुठलाही घे. अलार्म किती वाजता लावला, कितव्या वेळी उठलीस, बाथरूमचा नंबर कुणाचा पहिला, डब्यात काय होतं, अभ्यासिकेत तुझी जागा कोणती, पंखा चालतो का, पाणी किती वाजता येतं, रात्री घरी फोन किती मिनिटांचा आणि आई पहिलं काय विचारते. मी वर्गात हे सांगते तेव्हा पोरं हसतात, म्हणतात यात लिहिण्यासारखं काय आहे. पत्र फोडताना मात्र डोळ्यात पाणी येतं ते याच भागाला. "आई पहिलं विचारते, जेवलीस का, मग विचारते मार्क" असं एका मुलीनं लिहिलं होतं. पत्र वाचलं तेव्हा आई नव्हती.

आता मैत्रिणी. तुझ्या गावच्या शाळेत सातवीला तुझ्यासोबत असलेल्या मुलींची नावं आठव आणि एकेकीसमोर लिही की आज ती काय करते. हे मी मुद्दाम सांगतेय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत परभणी आणि बीड या दोन्ही जिल्ह्यांत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. तुझ्या यादीत पण ते दिसंल, मला आकडा काढायची गरज नाही, तू स्वतःच मोज. तू आज लातूरला रूमवर बसून बायोलॉजी करायलीस ती कुणामुळं, घरात कोण अडून बसलं होतं, आजी, आई, मामा, कोणी सर, तेही लिही. पंचविशीत माणसाला वाटायला लागतं की मी माझ्या हुशारीवर इथं आले. हुशारी असतेच, पण शेजारच्या बाकावरची पण तेवढीच हुशार होती.

नंतर निर्णय. आत्ता तुझ्यासमोर जे काही निर्णय आहेत, कोर्स, गाव, रिपीट करायचं का नाही, कोणाशी बोलायचं बंद केलंस, काय सोडलंस, त्यातले दोन-तीन घे. प्रत्येकाला तीन गोष्टी लिही: दुसरे रस्ते कोणते होते, ते का सोडले, आणि कोण काय म्हणलं. निकाल लागल्यावर सगळं उघड वाटतं, "मला तेव्हाच माहीत होतं" असं आपण सगळे म्हणतो. तुला आज काय माहीत होतं आणि काय नव्हतं याचा पुरावा कागदावर असला की पुढं स्वतःला उगाच झोडपायची वेळ येत नाही, आणि उगाच शाबासकी घ्यायची पण नाही. मला विचारशील तर सगळ्या पत्रात हा भाग सगळ्यात कामाचा, पैशाच्या हिशेबापेक्षाही. कळंबच्या पोराच्या तीन ओळी याच प्रकारच्या होत्या, आणि त्याला मी तेवढंच लिहायला लावलं होतं, बाकीचं पत्र क्रिकेटवर होतं.

पाचवी गोष्ट जरा मजेची. ज्या गोष्टींबद्दल तुझी आज शंभर टक्के खात्री आहे त्या लिही. कोण मैत्रीण जन्मभर राहणार, काय कधीच खाणार नाही, गावात परत राहायला जाणार का, देव मानतेस का, लग्नाबद्दल काय मत. २०१३ मध्ये सायन्स या नियतकालिकात क्वॉइडबाख, गिल्बर्ट आणि विल्सन यांचा एक अभ्यास छापून आला, अठरा ते अडुसष्ट वयाच्या एकोणीस हजारांहून जास्त लोकांवर. निघालं असं की मागच्या दहा वर्षांत मी किती बदललो हे लोक भरभरून सांगतात, पुढच्या दहा वर्षांत किती बदलशील म्हणलं की म्हणतात, आता काय, झालो जसा व्हायचा तसा. अठराचा पण तेच म्हणतो आणि पन्नाशीचा पण. त्यामुळं तुझी खात्री लिहून ठेव, पण तिची शपथ करू नको. "मला आज असं वाटतं" एवढंच लिही, "मी कधीच असं करणार नाही" असं नको. पुढं तू बदललीस तर ते पत्र वाचून अपराध्यासारखं वाटायला नको, आणि बदलणारच आहेस.

शपथेवरून पाकिटांचं सांगते. माझ्या पेटीत कितीतरी पाकिटांवर नावाच्या आधी "डॉ." लिहिलेलं आहे. काहींनी तर स्केचपेननं, खाली दोन रेघा मारून. पोरं ते लई प्रेमानं लिहितात, मी पण अडवत नव्हते. पण हिशेब बघ, २०२४ ला नीटला तेवीस लाखांवर मुलं बसली, आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर. म्हणजे त्या "डॉ." लिहिलेल्यांतल्या बहुतेकांना ते पाकीट घ्यायला यायचीच लाज वाटते. एक जण आता तालुक्याला माती परीक्षणाची लॅब चालवतो, चांगलं चाललंय त्याचं, दोन वर्षं चुकवत होता मला, बाजारात दिसलं की गल्ली बदलायचा. शेवटी आला, पाकिटावरचं "डॉ." अंगठ्यानं झाकून धरलं आणि फोडलं. तेव्हापासून पाकिटावर फक्त नाव लिहायचं असा नियम आहे माझा. तू पण तेच कर, आणि आतही "आता तू डॉक्टर झाली असशील" असलं वाक्य नको. डॉक्टर झालीस तरी पत्र कामाचं पाहिजे आणि नाही झालीस तरी पाहिजे. पंचवीस वर्षांची कोण असंल हे तुला माहीत नाही, तिच्या दारात जाताना काही गृहीत धरून जाऊ नको.

आणि "हार मानू नकोस" हे तर नकोच नको. एका मुलीनं पूर्ण पानभर असंच लिहिलं होतं, लढ, रडू नको, दाखवून दे. पत्र तिच्या हातात पडलं तेव्हा तिचं घरचं आणि नोकरीचं, दोन्हीकडचं मोडलेलं. ती मला म्हणली, मॅडम, वाचून वाटलं मी मलाच शिव्या द्यायलेय. पत्र बंद करून परत माझ्याकडं दिलं, पेटीत ठेवा म्हणली. अजून आहे.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. तुझी खोली, तुझी बॅग, तुझी वही घरात कोण कोण उघडतं? काही घरांत मुलीची वही वाचणं म्हणजे काळजी समजतात. तसं असंल तर ज्याने तुला त्रास होईल असं काही कागदावर आणू नको, किंवा नावं बदल, किंवा पत्र घरी ठेवूच नको, एखाद्या भरवशाच्या मॅडमकडं दे. दुसरं, मन जर आत्ता खरंच वाईट अवस्थेत असंल, झोप नाही, जेवण नाही, जगण्याचाच कंटाळा येतोय असं काही, तर पत्र हा त्यावरचा इलाज नाही. तेव्हा भविष्याला लिहायचं नसतं, आजच्या जिवंत माणसाशी बोलायचं असतं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. तुझ्या प्रश्नात तसं काही दिसलं नाही, तरी सांगून ठेवते, लातूरच्या रूमांवर काय दडपण असतं ते मला माहीत आहे.

तू मध्येच एक विचारलंस की अठरा झालं की नेमकं काय बदलतं. मनात म्हणशील तर सकाळी उठल्यावर काहीच नाही. कागदावर मात्र बदलतं. तुझी सही धरली जाते. म्हणजे करार होतो, कर्जाला जामीनदार राहता येतं, आणि जामीनदाराची जबाबदारी कायद्यानं कर्ज घेणाऱ्याइतकीच असते, "नुसती सही कर, काही होत नाही" म्हणणारा मामा-चुलता कुणीही असो. बँकेतलं अज्ञान, म्हणजे अल्पवयीनाचं, खातं सज्ञानचं करून घ्यावं लागतं, नवी सही, नवी केवायसी, ते लवकर उरकून घे नायतर स्कॉलरशिपचे पैसे यायच्या वेळी खातं अडकतं. मतदार यादीत नावासाठी सहा नंबरचा फॉर्म, आता वर्षातून चार तारखा धरतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची एक तारीख, तुझे मेमध्ये पूर्ण होतात म्हणजे तू एक जुलैला बसतेस, अर्ज सतरा पूर्ण झाल्यावर आधीही करता येतो. हे वय पण काही आभाळातून पडलेलं नाही, १९८९ पर्यंत मतदानाला एकवीस लागायचे. आणि लग्न. मुलाला एकवीस, मुलीला अठरा. म्हणजे तुझ्या वाढदिवसानंतर कायद्याची आडकाठी संपते हे स्थळं आणणाऱ्यांनाही चांगलं माहीत असतं. शिक्षणाबद्दल घरात आज काय ठरलंय, कुठपर्यंत शिकवणार म्हणलेत आणि कोण म्हणलंय, ते तारखेसकट पत्रात लिही. हे एक पान तर मी म्हणते दोन प्रतींत ठेव आणि एक एकविसाव्या वर्षीच उघड.

त्यावरूनच, सात वर्षं लांब पडतात. शक्य असंल तर दोन पाकिटं कर, एक एकविसाव्याला, एक पंचविसाव्याला. तीन वर्षांत सगळं जवळचं असतं, तेव्हा पत्र निर्णयाला उपयोगी पडतं. सात वर्षांनी ते माणसं आठवायला उपयोगी पडतं. वेगळी कामं आहेत.

ठेवायचं कुठं? फोनमध्ये नको. तू सात वर्षांत तीन फोन आणि किमान एक सिम बदलशील, ओटीपी जुन्या नंबरवर जाणार आणि तो नंबर तोवर दुसऱ्याच कुणाला मिळालेला असणार. गुगलनं तर २०२३ च्या शेवटापासून दोन वर्षं न वापरलेली खाती उडवायला सुरुवात केलीय, म्हणून खास पत्रासाठी वेगळा ईमेल काढून विसरून गेलीस तर पत्र पण गेलं. कागदच बरा. साधा रेघांचा फुलस्केप, निळा किंवा काळा बॉलपेन, जेल पेन नको, ओल लागली की पसरतो. पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत, पेटी भिंतीपासून आणि जमिनीपासून जरा सुटी. आपल्याकडच्या मातीच्या घरांत वाळवी काय करते ते तुला सांगायला नको, माझ्याकडची एका वर्षाची पाकिटं कडेनं खाल्लेली आहेत. स्वतःजवळ पण ठेवू नको, रूम बदलताना हरवतं आणि मध्येच फोडायचा मोह होतो. आईच्या पेटीत साडीखाली ही मराठवाड्यातली सगळ्यात सुरक्षित जागा आहे, अर्थात आई वाचणारी नसंल तर.

सोबत काही वस्तू टाकायची असंल तर एसटीचं तिकीट सगळे टाकतात. ते मशीनचं तिकीट असतं, त्याची शाई उष्णतेची, वर्ष-दोन वर्षांत कोरा कागद उरतो. माझ्या पेटीत असे कितीतरी कोरे तुकडे आहेत ज्यांच्यावर काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही. मेसची पावती, मेडिकलचं बिल, सगळं तसंच. म्हणून त्यावरचं हातानं उतरवून काढ: परभणी ते लातूर, किती रुपये, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून एवढे, नायतर एवढे, कोणती गाडी, उभी राहून आलीस का जागा मिळाली.

एक गोष्ट पोरं नेहमी विचारतात, घरच्यांबद्दल वाईट वाटतं ते लिहावं का. लिही. पण घडलेलं लिही, निकाल देऊ नको. "पप्पांना माझी काळजीच नाही" असं लिहिण्यापेक्षा "या महिन्यात पप्पांचा फोन दोनदा आला, दोन्ही वेळा मार्कांवरच बोलले" असं लिही. पंचवीसच्या वयात तीच गोष्ट वाचून तू वेगळा निकाल देशील, किंवा तोच देशील, पण देणारी ती असू दे.

लांबी? तीन-चार पानं भरपूर. अक्षर वाचता येईल असं, तारीख आणि वार वर, गावाचं नाव. फाडायचं नाही, खोडलेलं तसंच ठेवायचं, खोडलेल्या ओळी लोक आधी वाचतात.

आणि लिहायचं कधी, हे तू विचारलं नाहीस पण तुझ्या बाबतीत ते महत्त्वाचं आहे. निकालाच्या नंतर लिहिलेलं पत्र निकालाचंच असतं, मार्क चांगले आले तर सगळं वर्ष सोन्याचं, नाही आले तर सगळं वाया. नीट सहसा मेच्या पहिल्या रविवारी होते, निकाल जूनमध्ये येतो, तुझा वाढदिवस बरोबर मध्ये पडतो. पेपर झालेला, काय होणार ते माहीत नाही, आठवणी ताज्या, आणि हातात रिकामा वेळ, एवढं जुळून येत नाही. तेव्हा आत्ता फक्त भाडं, डबा, फी आणि सोयाबीनचा भाव वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेव, बाकीचं मे महिन्यात. या आठवड्यात पत्र लिहायला बसू नको, केमिस्ट्रीचे जे चॅप्टर राहिलेत ते उरकून घे.